आधी थंड पाणी, मग ॲक्झोलॉटल

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मुलुंडला आईवडिलांसोबत वन बीएचके घरात राहणाऱ्या 27 वर्षांच्या एका तरुणीने ॲक्झोलॉटल हा पाण्यात राहणारा प्राणी पाळायचे ठरवले आहे. घरात याआधी कोणताही प्राणी नव्हता. नोकरी अंधेरीला असल्याने ती सकाळी आठला बाहेर पडते आणि रात्री आठला परतते. कुत्र्या-मांजराला इतका वेळ देता येणार नाही, पाण्यातला प्राणी मात्र कमी कटकटीचा असेल, असा तिचा विचार आहे. विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊन झाली असून पिल्लू दोन आठवड्यांत मिळणार आहे. दोन फुटी टाकी, एक छोटा पंखा आणि उन्हाळ्यात अधूनमधून बर्फाची बाटली एवढ्यावर भागते, असे विक्रेत्याने सांगितले आहे. वडील म्हणतात, हॉलमध्ये एसी आहेच. आईचा मात्र विरोध आहे : घर शाकाहारी आहे, फ्रिजमध्ये त्याच्या खाद्यासाठी गांडुळे ठेवलेली तिला चालणार नाहीत, आणि गणपतीला सगळे दहा दिवस कोकणात गेल्यावर त्या जिवाकडे कोण पाहणार, असे ती विचारते. दोन आठवड्यांत टाकी कशी सिद्ध करावी आणि आईची समजूत कशी घालावी, असे वाचकाचे दोन प्रश्न आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे सोयीचे आहे, कारण ते लहान आहे. आईची समजूत घालू नका, तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधा. तुम्ही, तुमचे वडील आणि विक्रेता अशा तिघांनी हा प्राणी घरात कसा येईल याचा विचार केला; तो आल्यावर घर बंद असेल त्या दिवशी काय होईल, हे एकट्या आईने विचारले. ॲक्झोलॉटल नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षे जगतो. पुढच्या पंधरा वर्षांत तुमचे लग्न, बदली, घर बदलणे यांपैकी काय काय होईल हे कोणालाच माहीत नाही, पण टाकी बहुधा आईच्याच घरात राहील. तेव्हा तिला विरोधी पक्ष न समजता या बेतातली सर्वांत व्यवहारी व्यक्ती समजा.

आता टाकीकडे वळू. तुमच्या पत्रातले ‘पाण्यातला प्राणी म्हणजे कमी कटकटीचा’ हे गृहीतक थोडे तपासून पाहायला हवे. ॲक्झोलॉटल हा मासा नव्हे. तो सॅलॅमँडरच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या प्राण्यांच्या, गटातला उभयचर आहे, जो पिल्लावस्थेतले बाहेरचे पिसांसारखे कल्ले आयुष्यभर टिकवतो आणि सहसा पाण्याबाहेर येतच नाही. त्याचे मूळ घर मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचे सोचिमिल्को हे सरोवर आणि त्यातून उरलेले कालवे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या 1,646 मीटरच्या माथ्यापेक्षाही बराच वर. तिथले पाणी वर्षभर गार असते आणि या प्राण्याचे शरीर त्या गारव्यासाठीच घडलेले आहे. त्याला 16 ते 18 अंश सेल्सिअस पाणी मानवते, 20 अंशांपर्यंत तो ठीक राहतो, आणि 24 अंशांच्या वर तापमान टिकून राहिले की तो खाणे सोडतो, बुरशीला आणि जंतुसंसर्गाला बळी पडतो आणि अनेकदा दगावतो. मुलुंडमध्ये एप्रिल महिन्यात गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीतून दुपारी नळाला येणारे पाणी हाताला कसे लागते, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मुंबईत ॲक्झोलॉटल पाळणे म्हणजे मुख्यतः बारा महिने, चोवीस तास थंड पाणी पाळणे होय. प्राणी त्या पाण्यात राहायला येणारा पाहुणा आहे. हे एकदा मान्य केले की बाकीचे निर्णय आपोआप सरळ होत जातात.

विक्रेत्याच्या पंख्याचा आणि बर्फाचा हिशेब करून पाहू. पंखा पाणी थंड करतो तो बाष्पीभवनामुळे, आणि हवा कोरडी असेल तरच बाष्पीभवन जोरात होते. नागपूरच्या उन्हाळ्यात माठातले पाणी जसे गार होते तसे मुंबईत होत नाही, त्याचे कारण हेच. मे महिन्याच्या किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत पंख्याने टाकीचे पाणी दोन-तीन अंश उतरेल, पण 25 अंशांच्या खाली जाणे जवळजवळ अशक्य असते. बर्फाचे गणित तर शाळेतलेच आहे. एक लिटर पाणी गोठवलेली बाटली पूर्ण वितळून 20 अंशांपर्यंत येताना साधारण 100 किलोकॅलरी उष्णता शोषते. टाकीत 120 लिटर पाणी असेल तर त्या एका बाटलीने तापमान एक अंशही उतरत नाही. पाणी 28 वरून 18 अंशांवर आणायला अशा बारा बाटल्या लागतील, आणि खोलीची उष्णता दिवसभर पाण्यात परत शिरत राहील ती वेगळी. शिवाय तुम्ही बारा तास घराबाहेर असता, त्यामुळे तापमान सकाळी उतरणार आणि दुपारी चढणार. असे रोजचे चढउतार या प्राण्याला स्थिर उष्णतेइतकेच त्रासदायक ठरतात. दोन फुटी छोट्या टाकीत बर्फाचा परिणाम जास्त दिसेल हे खरे, पण ती टाकी तापेलही तितक्याच वेगाने.

वडिलांची एसीची सूचना प्रेमाची आहे, पण अपुरी आहे. खोली 24 अंशांवर ठेवली तर पाणीही फार तर त्याच्याच आसपास राहील, म्हणजे धोक्याच्या रेषेवर. पाणी 18 अंशांवर ठेवण्यासाठी हॉल रात्रंदिवस तितकाच थंड करावा लागेल, आणि मग घरातल्या माणसांना स्वेटर आणि वीजबिल या दोन्हींची सोय करावी लागेल.

राहतो तो मत्स्यालयासाठी मिळणारा कॉम्प्रेसरचा चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र. तो महाग असतो. टाकी, स्टँड आणि फिल्टर यांच्या एकत्रित खर्चापेक्षा त्याची किंमत बहुधा जास्त भरेल, आणि नवशिक्यांचा बेत याच ठिकाणी डगमगतो. कॉम्प्रेसर नसलेले छोटे थर्मोइलेक्ट्रिक कूलर स्वस्तात मिळतात, पण शंभरावर लिटर पाणी दहा-बारा अंशांनी उतरवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. चिलर निवडताना टाकीच्या लिटरपेक्षा एक आकार मोठाच घ्यावा. लहान चिलर मे महिन्यात थांबायचे नावच घेत नाही. विजेचा अंदाज सोपा आहे : यंत्रावर 150 वॅट लिहिलेले असेल आणि ते दिवसातून बारा तास चालले, तर रोज 1.8 युनिट, महिन्याला सुमारे 54 युनिट. हा आकडा आईवडिलांसमोर आधीच ठेवा. चिलर पाण्यातून काढलेली उष्णता खोलीतच सोडतो, त्याला थोडा आवाजही असतो, त्यामुळे कोणाच्या उशाशी तो ठेवू नये. मागे-पुढे हवा खेळती राहील अशीच जागा त्याला द्यावी.

मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण कोरड्या प्रदेशातल्या लोकांनी दिलेल्या सल्ल्यात तिचा उल्लेख सहसा नसतो. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की 18 अंशांच्या पाण्याने भरलेल्या टाकीच्या काचेला बाहेरून घाम फुटतो, अगदी धारा लागतात. हे पाणी स्टँडच्या प्लायवूडमध्ये आणि मागच्या भिंतीत मुरते, आणि पहिल्याच पावसाळ्यात प्लाय फुगते. त्यामुळे लोखंडी, रंग दिलेला स्टँड घ्यावा, टाकीच्या तळाशी आणि मागच्या व बाजूच्या काचांना थर्मोकोल किंवा फोमची जाड शीट बाहेरून घट्ट लावावी, आणि विजेची जोडणी टाकीच्या पातळीपेक्षा वर घ्यावी. ते शक्य नसेल तर वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब वायरवरून ओघळत प्लगपर्यंत पोहोचणार नाहीत. थर्मोकोलमुळे चिलरचे कामही हलके होते.

टाकी दोन फुटी नको, तीन फुटी घ्या. पूर्ण वाढलेला ॲक्झोलॉटल 23 ते 30 सेंटीमीटर लांब होतो आणि तो तळावर चालतो, त्यामुळे उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी थोडी रिकामी सोडून भरली तर सुमारे 125 लिटर पाणी मावते, आणि काच व स्टँड धरून वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. इमारत काँक्रीटच्या स्लॅबची असेल तर भिंतीलगत हे वजन ठेवायला सहसा हरकत नसते. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत राहणाऱ्या वाचकांनी मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय असे धाडस करू नये. ऊन येणाऱ्या खिडकीपासून टाकी दूर असावी. या प्राण्याला पापण्या नसतात, त्यामुळे टाकीवर झगझगीत दिवा लावू नका. टाकीला जाळीचे झाकण हवेच, कारण हे प्राणी कधीकधी उडी मारतात.

तळाला रंगीत खडे घालण्याचा मोह टाळा. ॲक्झोलॉटल तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो आणि त्याबरोबर खडेही गिळतो. ते आतड्यात अडकले की इलाज कठीण होतो. पहिले वर्षभर तळ मोकळाच ठेवावा, साफसफाईलाही तो बरा पडतो. लपायला रुंद पीव्हीसी पाइपचे तुकडे किंवा आडवी ठेवलेली मातीची कुंडी पुरे. कडा मात्र घासून गुळगुळीत करा. फिल्टर एअर पंपावर चालणारा स्पंजचा घ्या, कारण जोराचा प्रवाह त्याला सोसत नाही. चिलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाचा परतीचा प्रवाहही काचेवर आपटून मंदावेल असा वळवावा लागतो. सोबतीला मासे ठेवू नका : छोटे मासे तो खाईल आणि मोठे मासे त्याचे कल्ले कुरतडतील. एका टाकीत एकच ॲक्झोलॉटल, एवढे पुरेसे आहे. त्याला एकटेपणा जाणवत असेल ही आपली समजूत आहे.

आता त्या दोन आठवड्यांबद्दल. हा कालावधी पुरत नाही, आणि दुकानातून कितीही महागड्या बाटल्या आणल्या तरी ही अडचण भरवशाने सुटत नाही. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये विषारी आहेत, तिसरे बऱ्यापैकी सुसह्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत प्राणी ठेवायचा नाही. पाणी भरून, फिल्टर चालू ठेवून, सुगंध नसलेल्या अमोनियाचे मोजके थेंब टाकत राहायचे. प्रमाण लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावे आणि द्रवाच्या टेस्ट किटने तपासावे. टाकलेला अमोनिया 24 तासांत शून्यावर येतो, नायट्राइटही शून्य दाखवते आणि फक्त नायट्रेट वाढलेले दिसते, त्या दिवशी टाकी तयार झाली असे समजावे. इथे मुंबईचा उकाडा प्रथमच तुमच्या बाजूने आहे : कोमट पाण्यात हे जिवाणू लवकर वाढतात, म्हणून पहिले काही आठवडे चिलर न लावता टाकी चालवा, आणि मग तापमान हळूहळू उतरवत न्या. उतरवल्यानंतर चाचणी पुन्हा घ्या, कारण थंडीत जिवाणूंचे काम मंदावते.

पाण्याविषयी घाबरण्याचे कारण नाही. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येते आणि शुद्ध करताना त्यात क्लोरीन मिसळलेले असते, म्हणून टाकीत घालण्यापूर्वी त्यात अँटी-क्लोरीन, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण, घालावेच लागते. त्या बाटलीवर कोरफडीचा अर्क असल्याचे लिहिलेले असेल तर ती घेऊ नका, उभयचरांच्या त्वचेला ते चालत नाही. आरओचे पाणी वापरू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि या प्राण्याला क्षार हवे असतात. सोसायटीत टँकरचे पाणी आले असेल त्या आठवड्यात मात्र सावध राहा, कारण ते बोअरचे आणि कधीकधी मचूळ असते. म्हणून 30-40 लिटरचा एक पिंप नळाच्या पाण्याने भरून ठेवावा. त्याला घट्ट झाकण हवे, नाहीतर डास होतील आणि पालिकेचे कर्मचारी दारात उभे राहतील. आठवड्याला साधारण एक पंचमांश पाणी बदलणे पुरते. नवे पाणी एकदम न ओतता थोडे थोडे घाला, म्हणजे तापमान उसळणार नाही.

अन्नाबाबत आईशी थेट आणि स्पष्ट बोला. ॲक्झोलॉटल पूर्णपणे मांसाहारी आहे आणि त्याला शाकाहारावर वाढवता येत नाही. ही गोष्ट तुमच्या घराला मान्य नसेल तर हा प्राणी तुमच्या घरासाठी नाही, आणि तसे ठरवण्यात कोणाचाही पराभव नाही. मान्य असेल तर फ्रिजचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. गांडुळे फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाहीत, गॅलरीत सावलीत ओलसर मातीच्या झाकणबंद डब्यात ती राहतात, आणि त्यांच्या जोडीला बुडणाऱ्या, प्रथिनयुक्त गोळ्या देता येतात, ज्या कपाटात राहतात. एक अडचण मात्र येईल. गांडूळखतासाठी सर्रास विकली जाणारी छोटी लाल गांडुळे कडवट स्राव सोडतात आणि ॲक्झोलॉटल ती बऱ्याचदा थुंकून टाकतो. मोठ्या जातीची गांडुळे मागा, आणि ज्या मातीत कीटकनाशक फवारलेले नाही अशा ठिकाणचीच घ्या. ट्युबिफेक्स नावाचे जिवंत बारीक किडे किंवा खाण्यासाठीचे छोटे मासे देऊ नका, त्यांतून परजीवी येतात. पिल्लाला रोज आणि मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा खायला द्यावे. उरलेले त्याच संध्याकाळी काढून टाकावे.

घरातल्या नेहमीच्या सवयींकडेही पाहा. या प्राण्याची त्वचा पातळ आणि शोषून घेणारी असते, त्यामुळे डास मारायचा फवारा, धुराच्या कांड्या आणि फरशीवरचे फिनेल टाकीजवळ नको. इमारतीत पेस्ट कंट्रोल असेल किंवा गल्लीत धूरफवारणीची गाडी येईल तेव्हा खिडक्या बंद करून टाकी ओल्या कापडाने झाकावी आणि एअर पंप काही वेळ बंद ठेवावा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात सोडत असतो. माशांची बरीच औषधे, विशेषतः तांबे असलेली, उभयचरांना घातक असतात. म्हणून प्राणी आणण्यापूर्वीच विदेशी प्राणी पाहणारा पशुवैद्य कोण, हे शोधून ठेवा. आजारी पडल्यावर शोधायला वेळ नसतो. कल्ले पुढे वळलेले, शेपटीचे टोक मुडपलेले, अंगावर कापसासारखे पुंजके, चार-पाच दिवस अन्नाला तोंड न लावणे, ही लक्षणे दिसली की आधी थर्मामीटर आणि टेस्ट किट पाहावे, औषध नंतर.

कायद्याची बाजू विक्रेता बहुधा सांगणार नाही. ॲक्झोलॉटल हा साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी आहे, आणि निसर्गात तो अतिसंकटग्रस्त आहे, जरी जगभरच्या घरांतले आणि प्रयोगशाळांतले ॲक्झोलॉटल पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासातच जन्मलेले असले तरी. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या दुरुस्तीने अशा विदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक केली, आणि 2024 च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. विक्रेत्याकडे त्या पिल्लाची कागदपत्रे मागा. तो टाळाटाळ करू लागला तर आगाऊ रक्कम बुडाली असे समजून बाजूला व्हा. ती रक्कम या सगळ्या खर्चातला सर्वांत छोटा भाग आहे.

कागद नीट असतील, तर विक्रेत्याला गणेशोत्सवानंतरची तारीख मागा. हे तुम्हाला फार लांबचे वाटेल, पण वेळापत्रक असे पाहा : आता टाकी उभी करायची, मे महिन्यात जिवाणू वाढवायचे, जूनच्या सुरुवातीच्या उकाड्यात आणि पुढे पावसाळ्यात चिलर 18 अंश टिकवतो की नाही ते पाहायचे, काचेला घाम किती येतो तेही पाहायचे, आणि दर एक-दोन दिवसांनी थोडा अमोनिया टाकून जिवाणू जिवंत ठेवायचे. वीजबिलाची दोन-तीन महिन्यांची खरी रक्कम हातात येईल. मग गणपतीत कोकणात जाताना रिकामी टाकी चालू ठेवून शेजाऱ्यांना किल्ली द्या, आणि दिवसातून दोनदा थर्मामीटरचा फोटो पाठवायला सांगा. पूर्ण वाढलेला, निरोगी ॲक्झोलॉटल आठवडाभर न खाता राहू शकतो, पण बंद पडलेल्या चिलरसमोर तो एक दिवसही सुरक्षित नाही. म्हणून शेजाऱ्यांना खाऊ घालणे शिकवण्यापेक्षा चिलर बंद पडल्यास काय करायचे ते शिकवा : फ्रीजरमधल्या बाटल्या एकामागून एक टाकीत सोडायच्या आणि तुम्हाला फोन करायचा. बर्फाची बाटली रोजच्या उपयोगाची नसली तरी अशा वेळी काही तास मिळवून देते. ते दहा दिवस रिकाम्या टाकीने नीट काढले, तर आईच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या हाती असेल. नाही काढले, तर चूक कुठे झाली ते कळेल आणि त्यात कोणताही जीव गेलेला नसेल.

आणि या चार-पाच महिन्यांत हिशेब जमत नाही असे तुमच्या लक्षात आले, तर तीच टाकी चिलरशिवाय गप्पी, मॉली किंवा प्लॅटी यांना उत्तम चालते. मुंबईच्या नैसर्गिक तापमानात हे मासे आनंदाने राहतात, म्हणूनच टाकी आधी विकत घ्या, चिलर त्यानंतर. ॲक्झोलॉटलच आणायचे ठरले, तर निदान आठ-दहा सेंटीमीटर लांबीचे, पुढचे-मागचे चारही पाय शाबूत असलेले आणि तुमच्यासमोर अन्न खाणारे पिल्लू निवडा, थर्मोकोलच्या डब्यात पहाटेच्या वेळी आणा, आणि त्या दिवशी रजा घ्या.